उपाशीपोटी धावू नका : शरीराच्या चुलीत जळतं काय?

गेल्या हिवाळ्यातली, कापूस वेचणीच्या दिवसांतली गोष्ट. नांदूरघाटात पहाटे सहाच्या सुमाराला एक पोरगा धापा टाकत आमच्या दारात आला. "ताई, जयभीम. बिगीबिगी चला, पोरगी पडलीय रस्त्यावर."

आम्ही गेलो तेव्हा भोवती दहा-बारा जण उभे होते. कुणी कांदा फोडून नाकाला लावत होतं, कुणी चप्पल हुंगवा म्हणत होतं. एक म्हातारी बाहेरचं काही लागलंय का म्हणून विचारत होती. पोरगी एकोणीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करणारी. अंग गार, कपाळावर घाम, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. पण शुद्ध होती, गिळता येत होतं. बोटाला सुई टोचून साखर पाहिली तर ५८. चार चमचे साखर पेलाभर पाण्यात विरघळवून तिला घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, ८४. पोरगी उठून बसली आणि पहिली गोष्ट म्हणाली ती ही, "ताई, माझ्यात दमच नाही. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

आम्ही विचारलं, रात्री काय खाल्लं होतं? संध्याकाळी सात वाजता अर्धी भाकरी आणि चटणी. वजन कमी केलं तर वेग वाढतो असं भावानं सांगितलं होतं. आदल्या दिवशी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत कापूस वेचला होता. पहाटे साडेचारला उठून पाण्याचा घोटही न घेता ती तासाभराहून जास्त धावली होती.

दम नव्हता असं नाही. चुलीत जळण नव्हतं.

त्या दिवसापासून आम्ही ठरवलं की या पानावर हा विषय नीट मांडायचा. भरतीसाठी धावणारी आपली शेकडो मुलं-मुली आहेत आणि त्यांच्या घरात ऊसतोडीला, वेचणीला जाणारे आईबाप आहेत. मैदानावर धावणं असो की फडात कोयता चालवणं, शरीराचा हिशोब एकच आहे.

आता चुलीचंच उदाहरण घेऊ. चूल पेटवायला आपण आधी कागदाचा बोळा किंवा वाळलेला पाला घालतो. तो भपकन पेटतो आणि विझतो. स्नायूंतही असं भपकन पेटणारं थोडं जळण कायम तयार असतं. त्यावर जेमतेम दहा सेकंद जोराची धाव घेता येते. भरतीतली १०० मीटरची धाव बरीचशी त्याच्यावर निघते. त्यानंतर पऱ्हाट्या. कापसाच्या पऱ्हाट्या लवकर पेटतात, जाळ मोठा करतात, पण मोळी लवकर संपते. शरीरातली पऱ्हाटी म्हणजे ग्लायकोजेन. भाकरी, भात, गूळ, बटाटा असं पिठूळ किंवा गोड काही खाल्लं की त्याचं ग्लुकोज होतं. लगेच न लागणारं ग्लुकोज शरीर साठवून ठेवतं, त्या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. आणि शेवटी बाभळीचा ओंडका, म्हणजे चरबी. पेटायला वेळ लागतो, जाळ मंद, पण रात्रभर धुमसत राहतो.

हे साठे केवढे असतात ते पाहिलं तर त्या पोरीचं काय झालं ते लगेच कळतं. साठ किलो वजनाच्या, व्यवस्थित जेवणाऱ्या माणसाच्या स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम ग्लायकोजेन असतं आणि यकृतात शंभर ग्रॅमच्या आसपास. सगळ्या रक्तात मिळून साखर किती? फक्त पाच ग्रॅम. एक चमचा! एका ग्रॅमला चार किलोकॅलरी धरल्या तर पिठूळ जळणाचा सगळा साठा झाला २,००० किलोकॅलरी. उलट त्याच सडपातळ माणसाच्या अंगावर आठ किलो चरबी असली तर तिच्यात ७२,००० किलोकॅलरी असतात. धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे अंदाजे एक किलोकॅलरी खर्च होते, म्हणजे या माणसाला किलोमीटरला साठ. नुसत्या चरबीवर धावता आलं असतं तर तो हजार किलोमीटर न जेवता गेला असता. पण तसं होत नाही. चरबी जाळायला प्राणवायू जास्त लागतो आणि तिच्यातून ताकद हळूहळू मिळते. वेग वाढवला की शरीराला पऱ्हाटीच लागते. चालताना चरबीचा वाटा मोठा असतो आणि जोरात धावताना ग्लायकोजेनचा. दोन्ही चुली कायम एकत्र चालू असतात, वेगाप्रमाणे कमी-जास्त होतं एवढंच.

इथे आणखी एक मेख आहे. स्नायूतलं ग्लायकोजेन ही त्या स्नायूची स्वतःची शिदोरी असते. मांडीतला साठा मांडीच वापरते, तो साखर होऊन परत रक्तात येत नाही. रक्तातली साखर टिकवायचं काम यकृताचं. मेंदूला तासाला पाच ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागतं, झोपेतही. म्हणून संध्याकाळी सातला जेवून पहाटे उठलेल्या माणसाच्या यकृताची कणगी निम्म्याहून अधिक रिकामी झालेली असते. आमच्या पोरीच्या मांड्यांतला आणि खांद्यांतला साठा आदल्या दिवशीच्या वेचणीत गेला होता आणि अर्ध्या भाकरीत तो भरून निघाला नव्हता. पाय भागेनात म्हणून त्यांनी रक्तातली साखर ओढायला सुरुवात केली आणि यकृताकडे द्यायला काही नव्हतं. साखर घसरली की पहिला त्रास मेंदूला. चक्कर, घाम, थरथर, आणि 'मला जमणारच नाही' ही भावनासुद्धा त्यातलीच. निराशाही कधी कधी रक्तातून येते, हे आम्ही वॉर्डात मधुमेहाच्या रुग्णांत किती तरी वेळा पाहिलंय.

ही गोष्ट शास्त्राला काही फार जुन्या काळापासून माहीत नव्हती. १९२४ साली अमेरिकेतल्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये लेव्हाइन, गॉर्डन आणि डेरिक या डॉक्टरांनी शर्यत संपवून आलेल्या धावपटूंचं रक्त तपासलं. जे अगदी कोलमडून, भ्रमिष्टासारखे आले होते त्यांची साखर फार खाली गेलेली होती. पुढच्या वर्षी त्यांनी काही धावपटूंना आदल्या दिवशी पिठूळ जेवण आणि धावताना गोळ्या-मिठाई खायला सांगितली. साखर टिकली आणि माणसं चांगल्या अवस्थेत पोचली. पुढे १९६६ मध्ये स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या दोघांनी प्रयोग स्वतःवरच केला. एकाच सायकलीला दोन बाजूंनी बसून दोघांनी एकेकाच पायानं पायडल मारलं, तो पाय पूर्ण थकेपर्यंत. मग तीन दिवस पिठूळ जेवण. सुईनं मांडीतला कण काढून तपासला तर थकवलेल्या पायातला साठा, आराम केलेल्या पायाच्या साधारण दुप्पट! म्हणजे सराव केलेला स्नायू जास्त साठवतो, पण साठवायला ताटात काही असेल तरच. सराव आणि जेवण दोन्ही लागतं. नुसत्या सरावानं कणगी भरत नाही.

आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण सगळ्यांच्या तोंडात आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. आईवडील वीटभट्टीवर कामाला, शाळा सहा किलोमीटरवर, रोज चालत-पळत जाणं-येणं. बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये. सियाचीनचा बर्फ पाहिला, राजस्थानचं वाळवंट पाहिलं, आणि धावायला सुरुवात केली ती त्यानंतर. ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०१८ साली त्यानं गोपाल सैनींचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य, सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या विसाव्या हिश्शानं. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण.

गावोगावी भाषणांत या गोष्टीचा अर्थ लावला जातो की गरिबीनंच त्याला घडवलं. आम्हाला हे पटत नाही. लहानपणापासून रोजच्या चालण्या-पळण्यानं हृदय मोठं होतं, स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, प्राणवायू वापरून जळण जाळणाऱ्या पेशींतल्या बारीक भट्ट्या वाढतात, हे खरं. पण भट्टी वाढली तरी कोळसा कुणी तरी घालावाच लागतो. सैन्याच्या मेसमध्ये जवानाला रोज पोटभर, वेळेवर जेवण मिळतं. आपल्या वस्तीतल्या पोरांना कष्ट मिळतात, मेस मिळत नाही. हा फरक विसरून 'त्याला जमलं तर तुला का नाही' असं कुणी पोरांना म्हणत असेल तर त्याला आधी पोराचं ताट दाखवा.

साबळेच्याच दोन शर्यती शेजारी ठेवल्या तर हिशोब आणखी कळतो. स्टीपलचेस आठ-सव्वाआठ मिनिटांची. तिच्यात साठा संपत नाही, अडतो तो प्राणवायू. २०२० मध्ये दिल्लीत त्यानं अर्ध मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर, १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. साठ किलोच्या माणसाला २१ किलोमीटरला १,२६० किलोकॅलरी लागतात. भरलेल्या कणगीत २,००० असतात, म्हणजे भागतं. पूर्ण मॅरेथॉनला लागतात अडीच हजार. म्हणून जोरात धावणाऱ्यांचे पाय तिसाव्या-पस्तिसाव्या किलोमीटरला दगडासारखे होतात. त्यांना वाटेत तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर पोटात घालावी लागते. दोन केळी किंवा गुळाचे चार-पाच खडे म्हणजे साधारण तेवढी होते. परदेशी पाकिटातली जेल लागतेच असं नाही.

भरतीच्या मुलांनी यातून काय घ्यायचं? मुलींची ८०० मीटर आणि मुलांची १,६०० मीटर ही काही मिनिटांची धाव आहे. त्या धावेपुरतं जळण कमी पडत नाही. कमी पडतं ते रोजच्या सरावात, आणि सराव चुकला की परीक्षेत दम लागतो. धावता धावता मांड्यांत जी आग होते ती जोरात पळताना प्राणवायू अपुरा पडतो तेव्हाची. तिला लॅक्टिक ॲसिडचं विष म्हणायची पद्धत आहे. ते विष नाही. लॅक्टेट हेसुद्धा जळणच आहे, हृदय ते आनंदानं जाळतं आणि यकृत त्याची परत साखर बनवतं. हे चक्र शोधणाऱ्या गर्टी आणि कार्ल कोरी या पती-पत्नींना १९४७ चं नोबेल मिळालं. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या स्नायूंतल्या बारीक ओरखड्यांमुळे. लिंबू पिळून प्यायल्यानं त्या ओसरत नाहीत, एक दिवस हलकं धावल्यानं ओसरतात. आठवड्यातले बरेच दिवस बोलता येईल इतक्या हळू, पण लांब धावा. भट्ट्या त्यानंच वाढतात. दोनच दिवस जोराचे ठेवा.

खाण्याचं गणित सोपं आहे. रात्री पोटभर जेवा, भाकरी-भात कमी करू नका. मध्यम मोठ्या भाकरीला नव्वद ग्रॅम पीठ लागतं, त्यात साठ-पासष्ट ग्रॅम पिठूळ जळण असतं. पहाटे उठल्यावर धावायच्या अर्धा तास आधी एक केळं, किंवा गुळाचा खडा आणि पाणी, किंवा गोड चहाबरोबर दोन टोस्ट. शेंगदाणे त्या वेळी नकोत. त्यांत निम्मं तेल असतं, पोटात रेंगाळतात आणि धावताना मळमळतं. शेंगदाण्याची जागा धावून आल्यावर. परतल्यावर तासाभरात भाकरी आणि सोबत डाळ, मटकी, अंडं, सुकट, जे घरात असेल ते. रिकामी कणगी पूर्ण भरायला चोवीस तास लागतात. वर्षावासात उपोसथ धरणाऱ्या तरुणांनीही हे लक्षात घ्यावं. दुपारनंतर अन्न घेतलं नसेल तर दुसऱ्या पहाटे जोराचा सराव ठेवू नये, हलकं चालावं.

मुलींसाठी एक वेगळी गोष्ट. सराव सुरू केल्यावर पाळी तीन महिने आली नाही तर 'बरंच झालं, कटकट गेली' म्हणू नका. खर्चापेक्षा खाणं कमी पडतंय म्हणून शरीरानं ते काम बंद ठेवलंय, असा त्याचा अर्थ असू शकतो. त्यात हाडं ठिसूळ होतात आणि नडगीला बारीक तडे जातात. डॉक्टरांना दाखवा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. जळण कितीही असलं तरी ते पेटायला प्राणवायू लागतो आणि तो वाहून नेतं हिमोग्लोबिन. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्त कमी आहे, हे सरकारच्याच पाहणीत आलंय. आठ हिमोग्लोबिनवर कुणाचाही वेग वाढत नाही, मास्तर कितीही ओरडला तरी.

विदर्भातल्या वाचकांना विशेष विनंती. सिकलसेल आपल्या समाजात आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. सिकलसेलचा रुग्ण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराचा सराव सुरूच करू नये. जे फक्त वाहक आहेत ते सगळ्यांसारखे जगतात, धावू शकतात, पण उन्हात, पाण्यावाचून, अचानक फार जोरात धावल्यास त्यांच्या तांबड्या पेशी वाकड्या होऊन जिवावर बेतू शकतं. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. भरतीआधी करून घ्या. वाहक असाल तर सराव हळूहळू वाढवा आणि पायातलं बळ अचानक गेलं तर थांबा, त्याच क्षणी.

थांबणं हे पळपुटेपण नाही. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत दहा किलोमीटरच्या धावेत दहाहून अधिक उमेदवार जिवाला मुकले. छातीत दुखलं, डोळ्यांसमोर अंधारी आली, घाम येईनासा होऊन अंग तापलं, बडबड सुरू झाली, तर तिथेच बसा. सोबत्यांनी सावलीत न्यावं, अंगावर पाणी ओतावं, १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी, साखर काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा. एका भरती अकॅडमीत मुलांना धावण्याआधी आणि नंतर तासभर पाणी पिऊ देत नाहीत, असं आमच्या कानावर आलंय. हा अडाणीपणा आहे. आणि कसल्या कसल्या पावडरी, ताकदीची इंजेक्शनं कुणी देत असेल तर पालकांनी जाऊन जाब विचारावा.

आता आईबापांकडे वळतो, कारण त्यांची धाव तीन मिनिटांची नसते. दसरा झाला की केज तालुक्यातून टोळ्या निघतात. पहाटे तीन-चारला फडात, थंडीत. वाकून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. हे दहा-बारा तास. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे कष्टाचं काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईला दिवसाला २,७२० किलोकॅलरी लागतात. नुसत्या भाकरीत मोजलं तर नऊ भाकरी. आमच्या वस्तीतल्या बायकांना विचारलं, फडात तुम्ही किती खाता? बहुतेकींनी तीन-चार सांगितल्या. उरलेलं शरीर कुठून काढतं? आधी चरबीतून, मग स्नायू मोडून त्यातल्या प्रथिनांतून. हंगाम संपवून आलेल्या बाईचे दंड काठीसारखे का होतात, याचं उत्तर इथे आहे.

पहाटे कोऱ्या चहावर कामाला लागू नका. रात्रीची अर्धी भाकरी आणि गूळ खाऊन निघा. दर दोन तासांनी काही तरी तोंडात टाका, फुटाणे-गूळ पदराला बांधून ठेवा. तसा तोंडाशी ऊसच असतो आणि दोन कांड्या चोखल्या तर साखर मिळते, पण मीठ मिळत नाही. घामातून मीठ जातं. म्हणून एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, इतकंच. मीठ जास्त घालू नका. आतड्यात साखर आणि मीठ हात धरून आत जातात आणि पाण्याला सोबत नेतात. १९७१ च्या निर्वासितांच्या लोंढ्यात बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर कॉलऱ्याची हजारो माणसं वाचवली. निकारागुआ आणि एल साल्व्हादोर या देशांत ऊसतोड्यांची मूत्रपिंडं ऐन तारुण्यात निकामी होताना दिसली. उन्हातले कष्ट आणि कमी पाणी हे त्यामागचं मोठं कारण मानलं जातं. आपल्याकडे त्यात भर पडते ती अंगदुखीच्या गोळीची. पाणी न पिता रोज दुखण्याची गोळी खाणं म्हणजे मूत्रपिंडावर दुहेरी मार. लघवी चहासारखी गडद झाली की समजा, पाणी कमी पडतंय. फडात आडोसा नाही म्हणून आपल्या बायका पाणीच कमी पितात. मुकादमाशी उचलीचं बोलतानाच आडोशाचं आणि पिण्याच्या पाण्याचंही बोलून घ्या. चौघी मिळून बोललात तर तो ऐकतो, हा आमचा अनुभव आहे.

ती पोरगी आता पहाटे केळं खाऊन धावते. वजन दोन किलोनं वाढलंय आणि ८०० मीटरचा वेळ अकरा सेकंदांनी कमी झालाय. तिची आई यंदाही कोयत्यावर जाणार आहे. ओआरएसची पाकिटं आशाताईंकडे मिळतात. टोळी निघायच्या आधी दहा तरी मागून घ्या.